लारीवरची द्राक्षे आणि विहिरीवरची भोकरी

उत्तरायणाचे पतंग उतरले की सुरतेच्या लाऱ्यांवर द्राक्षे दिसू लागतात. सुरुवातीला महाग, थोडी आंबट. फेब्रुवारी उजाडला की स्वस्त आणि गोड. चौटा बाजारात असो की उधन्याच्या नाक्यावर, लारीवाल्याकडे त्यांची दोनच नावे असतात: 'लीली' आणि 'काळी'. गिऱ्हाईक मराठी आहे असे बोलण्यावरून कळले, तर तो आपुलकीने एवढी भर घालतो की, "नाशिकनी छे, साहेब." मागच्या हंगामात आम्ही एका लारीवाल्याला विचारले, "कोणत्या वाणाची आहेत?" त्याने आमच्याकडे जरा निरखून पाहिले, एक मणी तोडून हातावर ठेवला आणि म्हणाला, "मीठी छे."

त्याचे काही चुकले नाही. आपण घरी तरी काय विचारतो? आंबा घेताना हापूस की केसर हे पाहतो, केळी घेताना वेलची की बसराई हे पाहतो, तांदूळ तर नाव विचारल्याशिवाय घेतच नाही. द्राक्षाला मात्र नाव नाही. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी सापुताऱ्याचा घाट चढून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातात. पुढे दिंडोरीपासून नाशिकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागतात. मुले गाडीतून विचारतात, "आजोबा, ही सगळी एकच द्राक्षे का?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

काडीतून काडी

आधी वाण म्हणजे काय ते पाहू. ज्वारी किंवा मूग आपण बी पेरून घेतो. द्राक्षाचे बी पेरले तर वेल उगवतो, पण तो आईसारखा निघेल याची खात्री नसते. प्रत्येक बी म्हणजे नवे मूल. नाक आईचे, स्वभाव भलत्याच कोणाचा. म्हणून बागायतदार बी पेरत नाही. आवडलेल्या वेलाची काडी कापतो, ती जमिनीत रुजवतो किंवा दुसऱ्या खुंटावर तिचे कलम करतो. त्या काडीतून जो वेल येतो तो मूळ वेलच असतो, फक्त जागा बदललेली. त्याचीही काडी पुढे जाते.

याचा अर्थ असा की एखाद्या नावाचे द्राक्ष म्हणजे एकच वेल, जो हातातून हातात, गावातून गावात शेकडो वर्षे चालत आला आहे. ही साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. धान्याचे बी मडक्यात, कणगीत काही काळ तरी टिकते. द्राक्षाची काडी मात्र कोणीतरी लावतच राहावी लागते. लावणारा थांबला की वाण संपला.

आपल्याकडची जुनी नावे

महाराष्ट्रात द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतुता दौलताबादेला आला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने केली आहे. नंतरच्या काळात नाशिक, औरंगाबाद आणि पुणे भागात जी द्राक्षे रुजली त्यांची नावे ऐकायला अजूनही गोड वाटतात: भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी. यांतली भोकरी, फकडी आणि पांढरी साहेबी ही हिरवट पिवळी, म्हणजे बाजाराच्या भाषेत पांढरी द्राक्षे. बी असलेली. वेल चढवायला पांगाऱ्याचे खुंट लावत. पांगारा लवकर रुजतो आणि वेलाला जिवंत आधार देतो. तारेचे आणि लोखंडी अँगलचे मांडव नंतर आले.

नाशिक जिल्ह्यात ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास बाजारासाठी द्राक्षाची बाग लावली. जिल्ह्याच्या द्राक्षव्यवसायाची सुरुवात तिथून मोजतात. पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी बागेत डॉ. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून रोपे तयार करून त्यांतून एक चांगला वेल निवडला. तो पुढे चीमा साहेबी या नावाने ओळखला गेला. पांढरी साहेबी चवीला उत्तम, पण माल कमी देणारी. चीमा साहेबीने माल वाढवला.

भोकरी ही त्या मानाने गरिबाची. मणी गोलसर, साल जाड, आत बिया, गोडी बेताची. पण वेल भरपूर लागे. भाव कमी मिळाला तरी वजन मिळे. १९६० च्या दशकापर्यंत महाराष्ट्रातल्या बागांमध्ये अशाच वाणांचा वावर होता. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत ही नावे बाजारातून नाहीशी झाली.

थॉमसन कोण?

त्यांना बाजूला सारणाऱ्या द्राक्षाचे नाव थॉमसन सीडलेस. नाव इंग्रजी, पण द्राक्ष पूर्वेकडचे. इराण आणि तुर्कस्तानात ते किशमिश किंवा सुलताना म्हणून फार जुन्या काळापासून लावले जाते. विल्यम थॉमसन नावाचा एक इंग्रज बागायतदार कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. १८७२ मध्ये त्याने न्यूयॉर्ककडच्या एका रोपवाटिकेतून या वेलाच्या काड्या मागवल्या आणि तिथे लावल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्याकडून काड्या नेल्या आणि त्याचे आडनाव द्राक्षाला चिकटले. असे हे इराणकडचे द्राक्ष अमेरिकेचा फेरा मारून, इंग्रजाचे आडनाव लावून महाराष्ट्रात आले.

त्याचे गुण उघड होते. बी नाही, साल पातळ, गोडी चांगली, वाळवले तर उत्तम बेदाणा. दोष एकच, मणी बारीक. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या द्राक्षात बी धरते, पण वाढत नाही. कोवळेपणीच जिरून जाते. मणी फुगवणारे संप्रेरक मुख्यतः बी तयार करते. बीच नाही तर मणी फुगणार कसा? यावर उपाय जपानमधून आला. भातावरच्या एका बुरशीमुळे रोपे विनाकारण उंच वाढतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. त्या बुरशीतून मिळालेले द्रव्य म्हणजे जिबरेलिन. ठरावीक दिवशी, ठरावीक प्रमाणात घडांना जिबरेलिन दिले की थॉमसनचा मणी मोठा होतो. बागायतदार त्याला 'जीए' म्हणतात. आपण आज लारीवर पाहतो त्या टपोऱ्या बिनबियांच्या द्राक्षांमागे हे जीए आहे.

खाली जमिनीतही पाहुणाच आहे. पाण्याचा ताण आणि खारवट जमीन यांमुळे आता बहुतेक बागांत आधी डॉगरिज नावाचा जंगली द्राक्षाचा खुंट लावतात आणि त्यावर हव्या त्या वाणाचे कलम भरतात. डॉगरिज मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. मुळे टेक्सासची, वरचा वेल इराणचा, मांडव आणि घाम मात्र निफाडचा किंवा तासगावचा.

एप्रिल आणि ऑक्टोबर

थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षाची पाने झडतात, वेल झोपतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. त्याला सोडून दिले तर तो केव्हाही फुटेल, केव्हाही फळेल. इब्न बतुताने पाहिलेल्या दोन बहरांचे कारण हेच असावे. पण दोन बहर घेतले की वेल थकतो आणि पावसात सापडलेले फळ सडते. म्हणून आपल्या बागायतदारांनी वेगळी पद्धत बसवली: छाटण्या दोन, पीक एक.

माल निघाल्यावर एप्रिलमध्ये करतात ती खरड छाटणी. वेल अगदी खरडून काढतात. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास करतात ती गोडी छाटणी. या वेळी काडी मोजून डोळे ठेवून कापतात. तिथून साधारण चार महिन्यांनी द्राक्ष तयार होते. म्हणजे आपल्या लारीवर फेब्रुवारीत आलेल्या घडाची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात झालेली असते. मधल्या काळात एखादा अवकाळी पाऊस, एखादी गारपीट झाली तर वर्षाची मेहनत दोन तासांत जाते.

छाटणीत निघालेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात, पुष्कळदा जाळले जातात. त्याच काड्यांतून वाण पुढे जातो किंवा तिथेच थांबतो.

बोरगाव आणि नान्नज

थॉमसनने जुने वाण मागे सारले, पण गोष्ट तिथे संपली नाही. काडीतून काडी जाताना क्वचित एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो. सगळ्या वेलावर गोल मणी आणि एकाच फांदीवर लांबट मणी, असे काहीतरी दिसते. हजारो वेलांत असे एखादेच असते आणि ते दिसायला नजर लागते.

सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमध्ये असा वेगळा वेल हेरला. तोच तास-ए-गणेश. नावातला 'तास' तासगावचा आणि 'ए' हे आर्वे या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर. आज महाराष्ट्रात थॉमसन म्हणून जे विकले जाते, त्यात तास-ए-गणेशचा वाटा फार मोठा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांचा वेल निवडला आणि त्याचे नाव ठेवले सोनाका: सोलापूर, नान्नज, काळे. लारीवर 'लंबी' म्हणून मिळणारी द्राक्षे बहुधा या घराण्यातली असतात. काळ्या किशमिशीतून त्यांनीच शरद सीडलेसही निवडले.

ही माणसे विद्यापीठातली शास्त्रज्ञ नव्हती. आपल्याच बागेत रोज फिरणारी, घड न् घड ओळखणारी शेतकरी मंडळी होती. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले, त्याआधीच हे वाण बागांत पसरलेले होते. त्या काळी काडी विकत घेण्यापेक्षा मागून आणण्याची रीत जास्त होती. पाहुण्याच्या बागेत चांगला माल दिसला की छाटणीच्या वेळी जाऊन काड्यांची मोळी आणायची.

आता ती रीत बदलते आहे. परदेशी कंपन्यांनी तयार केलेले नवे रंगीत आणि टपोरे वाण गेल्या काही वर्षांत नाशिककडे आले आहेत. ते परवान्यावर मिळतात, स्वामित्वशुल्क भरावे लागते आणि त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. निर्यातीत भाव मिळतो, म्हणून शेतकरी ते लावतात आणि त्यात गैर काही नाही. आपल्या देशात २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याने शेतकऱ्यालाही स्वतः जपलेला किंवा शोधलेला वाण आपल्या नावावर नोंदवण्याचा हक्क दिला आहे. पण नोंदवायला वाण हातात तरी हवा.

मेंढ्यांचे द्राक्ष

इथे एक परदेशातली हकीकत सांगतो. इटलीत द्राक्षाचे शेकडो स्थानिक वाण आहेत आणि त्यांतले पुष्कळसे त्या त्या डोंगराबाहेर कोणाला माहीत नाहीत. त्यांतलेच एक पांढरे द्राक्ष म्हणजे पेकोरिनो. इटालियन भाषेत पेकोरा म्हणजे मेंढी. डोंगरावरून खाली उतरताना मेंढ्यांचे कळप वाटेतली ही द्राक्षे खात, म्हणून हे नाव पडले असे तिथले लोक सांगतात. आपल्या धनगरांचे वाडे जसे हंगामाप्रमाणे डोंगर आणि देश यांत फिरतात, तशीच तिथली रीत होती.

पेकोरिनो लवकर पिकते, गोडी आणि आंबटपणा दोन्ही चांगले, पण माल कमी देते. शेजारी त्रेब्बियानो नावाचे भरघोस फळणारे द्राक्ष होते. शेतकऱ्यांनी हिशेब केला आणि पेकोरिनो उपटून त्रेब्बियानो लावले. आपल्याकडे साहेबी आणि भोकरीचे जे झाले तेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेकोरिनो जवळजवळ संपले होते.

१९८० च्या दशकात ग्विदो कोच्ची ग्रिफोनी या बागायतदाराला डोंगरातल्या आर्क्वाता देल त्रोंतो या गावच्या हद्दीत काही जुने वेल सापडले. त्याने काड्या आणल्या आणि खालच्या टेकड्यांवर आपल्या बागेत लावल्या. त्यांच्यापासून वाईन केली आणि बाटलीवर द्राक्षाचे नाव छापले. लोकांना चव आवडली. इतर शेतकऱ्यांनी काड्या नेल्या. २०११ मध्ये त्या भागातल्या ओफिदा या वाईनला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला आणि पेकोरिनो हे तिचे एक मुख्य द्राक्ष आहे.

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. २०१६ च्या भूकंपात आर्क्वाता देल त्रोंतो उद्ध्वस्त झाले. घरे पडली, माणसे गेली, उरलेली स्थलांतरित झाली. तीस वर्षांपूर्वी काड्या खाली आणल्या नसत्या, तर त्या वाणाचे भवितव्य त्या एका गावावर अवलंबून राहिले असते.

आपण गुजरातेत राहतो. इथे दारूबंदी आहे, तेव्हा वाईनची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. सुरतेचा वाईनशी संबंध आलाच तर तो सतराव्या शतकातल्या इंग्रज वखारीचा. तिथे इराणच्या शिराजची वाईन येत असे, हे त्या काळी सुरतेत आलेल्या पाद्री ऑव्हिंग्टनने लिहून ठेवले आहे. मुद्दा वेगळा आहे. पेकोरिनो वाचले, कारण बाटलीवर त्याचे नाव आले. घेणारा नाव घेऊन मागू लागला, म्हणून लावणारा लावू लागला. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते मानांकन गावाला आहे, वाणाला नाही. खाणाऱ्याच्या तोंडी वाणाचे नाव आलेच नाही.

आमच्या हिशेबातली एक नोंद

आता जरा स्वतःबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. बँकेच्या नोकरीत सुरुवातीची काही वर्षे आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. अर्जात पिकाखाली 'वाण' असा रकाना असे. त्यात बहुतेक सगळे 'थॉमसन' लिहीत. कोणी रकाना मोकळा सोडला तर आम्हीच लिहून टाकत असू.

एका गावचे बागायतदार होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. दोन एकर थॉमसनसाठी त्यांनी मुदत कर्ज मागितले होते. पाहणीला गेलो तेव्हा विहिरीच्या काठाला पांगाऱ्यावर चढवलेले जुने वेल दिसले. चार-पाच गुंठे असतील. आम्ही विचारले, "हे काय आहे?"

"भोकरी आहे, साहेब. आमच्या वडलांनी लावलेली. हिचा माल बाजारात नाही जात, घरची पोरं खातात."

त्यांनी एक घड तोडून दिला. बिया थुंकत, उभ्या उभ्या आम्ही तो खाल्ला. साल दाताखाली येत होती आणि गोडीच्या मागून एक आंबट चव रेंगाळत होती. छान होता. मग आम्ही कागद काढला आणि पाण्याचा हिशेब मांडला. विहिरीचे पाणी नव्या दोन एकरांना जेमतेम पुरणारे होते. आम्ही म्हटले, "अण्णा, ही भोकरी काढून टाका. पाणी वाचेल आणि तेवढीच जागा नव्या बागेत येईल. प्रकरण वरती मंजूर होताना बरे दिसेल."

अण्णा काही बोलले नाहीत. थोडा वेळ विहिरीकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर काढू."

प्रकरण मंजूर झाले. बाग चांगली आली, हप्ते वेळेवर आले, दोन मुलींची लग्ने झाली, पक्के घर झाले. आकड्यांत पाहिले तर आमचा सल्ला बरोबर होता. आजही ते कागद कोणी तपासले तर चूक सापडणार नाही. चार-पाच गुंठे भोकरीने त्या घराचे पोट भरले नसते, हेही खरेच.

निवृत्तीनंतर एकदा वणीला जाताना वाट वाकडी करून त्या गावी गेलो. अण्णा तेव्हा हयात नव्हते. मुलाने ओळखले, चहा केला, बाग दाखवली. बोलता बोलता आम्ही भोकरीचा विषय काढला. तो म्हणाला, "काका, तोडायच्या आधी दादांनी एक काडी मागच्या दारी लावली होती. वेल चढलाही होता. घराचा वाढीव स्लॅब टाकताना गेला तो. आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही."

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, त्या दिवशी आम्ही अण्णांच्या उत्पन्नाचा अंदाज मांडला, मालमत्तेचे मूल्य मांडले, तारणही तपासले. त्या वेलाची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हती, म्हणून ती शून्य धरली. एका वेलाने काही होत नाही. पण त्या वर्षांत असे हिशेब गावोगावी मांडले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच मांडले. सगळ्यांची बेरीज अशी आली की भोकरी हे नाव आमच्या नातवंडांना माहीत नाही.

आपण काय करावे

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असे नाही. मांजरीच्या केंद्रात देशातले आणि परदेशातले द्राक्षाचे शेकडो वाण जपून लावलेले आहेत. तिथले शास्त्रज्ञ नवे वाणही देतात. रसासाठी काढलेला मांजरी मेडिका हा त्यांतलाच एक. पण संग्रहातला वेल म्हणजे लॉकरमधला दागिना. सुरक्षित आहे, पण अंगावर दिसत नाही. वाण खऱ्या अर्थाने जिवंत राहतो तो परसात, मांडवावर आणि ताटात.

सुरतेत बसून द्राक्षे पिकवणे आपल्याला जमणार नाही. दोन-तीन गोष्टी मात्र जमण्यासारख्या आहेत.

पहिली, नाव विचारायला शिकू. लारीवाल्याला ठाऊक नसेल, पण सरदार मार्केटमधल्या घाऊक व्यापाऱ्याला ठाऊक असते. पेटीवर बहुतेक वेळा लिहिलेलेही असते. सोनाका की तास-ए-गणेश, हे दोन हंगाम विचारत राहिलो तर तिसऱ्या हंगामात लारीवालाच सांगू लागेल. बेदाणा घेतानाही तासगावचा की अफगाणी, हे विचारावे. मुलांना सांगावे की सोनाकामधला 'ना' म्हणजे नान्नज नावाचे गाव आहे.

दुसरी, आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव नाशिक, सांगली, सोलापूर किंवा मराठवाड्यात आहे. सुटीत गावी जाल तेव्हा जुन्या वाड्याच्या परसात, विहिरीवर, एखाद्या मळ्याच्या कोपऱ्यात बियांच्या द्राक्षांचा वेल उभा आहे का ते पाहा. त्याला घरात काय म्हणतात ते थोरांना विचारा आणि लिहून ठेवा. वेल मिळाला तर घरच्यांना सांगा की बांधकामाआधी, नव्या लागवडीआधी त्याची एक काडी दुसरीकडे लावा, आणि दोन काड्या लावल्या तर अधिक बरे. मांजरीच्या केंद्रालाही कळवता येईल.

तिसरी, मंडळातल्या ज्येष्ठांना विनंती. भोकरी, फकडी, साहेबी यांची चव ज्यांना आठवते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. ती कधी मिळत, कशी विकत, घरात त्यांचे काय करत, हे चार ओळींत लिहून मंडळाकडे द्या. लिहिणे होत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. हिशेब लिहिण्याची सवय आहेच, आणि ही नोंद फार पूर्वीच व्हायला हवी होती.

यंदाचा हंगाम सुरू झाला की आम्ही त्याच लारीवर जाणार आहोत. तो पुन्हा "मीठी छे" म्हणेल. आम्ही पुन्हा नाव विचारू.